महारुद्रच्या बदल्यात

अणदूरच्या बसस्टँडजवळ धुळाप्पाचं मोटारी भरायचं दुकान आहे. आसपासच्या पाच-सहा गावांतल्या विहिरींवरच्या जळक्या मोटारी त्याच्याकडं येतात आणि तो त्यांच्यात तांब्याची नवी तार भरून देतो. वय चाळिशीला टेकलेलं, आवाज खणखणीत, पण गुडघे मात्र आतापासूनच कुरकुरायला लागलेले. बावीस वर्षं तो स्टंपांमागं उकिडवा बसत आला होता. गावाच्या क्रिकेट संघाचा तो किपर, आणि गेली बारा वर्षं कप्तान.

महारुद्र त्याचा शाळेपासूनचा जोडीदार. अबोल माणूस. शेतातून सुटला की मैदानावर. डावऱ्या हातानं असा यॉर्कर टाकायचा की बॅट खाली येईस्तोवर दांडी उडालेली असायची. पण गावाला त्याची खरी गरज होती ती पीचसाठी. काळी माती किती, मुरूम किती, पाणी कधी मारायचं आणि रोलर कधी फिरवायचा, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. रविवारी मॅच असली की हा पहाटेच मैदानावर. त्याला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं.

दोन तालुक्यांतल्या आठ गावांची स्पर्धा दर हिवाळ्यात चालते. त्या वर्षी चार रविवार झाले तेव्हा अणदूरनं दोन मॅच जिंकल्या होत्या, दोन घालवल्या होत्या. दुखणं जुनंच. बॉलिंग चांगली, पण ऐन वेळी चेंडू सीमेपार भिरकावणारा गडी नाही. अकरा वर्षं चषक गावात आला नव्हता. इकडं दुसऱ्या तालुक्यातल्या माकणीनं चारही मॅच घालवलेल्या. तरी त्यांच्याकडं प्रेम नावाचा बावीस वर्षांचा पोरगा होता, ज्याचं नाव ऐकलं की बॉलरचा घसा कोरडा पडायचा.

स्पर्धेचा एक नियम होता. हंगामाच्या मध्यावर प्रत्येक संघाला एक खेळाडू उरलेल्या हंगामापुरता दुसऱ्या संघाशी बदलता यायचा. दोन्ही कप्तानांनी नळदुर्गला स्पर्धा चालवणाऱ्या कोंडीराम गुरुजींच्या घरी जाऊन कागदावर सह्या करायच्या, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजले की यादी बंद.

गुरुवारी माकणीचा कप्तान अमरसिंह दुकानात आला. बाकावर बसला, चहा घेतला आणि एकदम म्हणाला, "प्रेम देतो. काय देतोस?"

धुळाप्पाच्या हातातली तार तशीच राहिली. "कृष्णराज ने. एकोणीस वर्षांचा हाय, वाऱ्यासारखा टाकतोय."

"न्हाय. मला तुझा तो डावखुरा पायजे."

"महारुद्र? त्याला सोडून कुणाला बी ने."

"ऐक. आमचं मैदान पंचांनी नापास केलंय. महिनाभरात पीच नीट झालं न्हाय, तर म्होरल्या साली आमाला घेणारच न्हाईत. एकट्या प्रेमच्या सिक्सरवर संघ चालत नसतो, गड्या. मला पीच करणारा माणूस पायजे, आन् तुला मारणारा. इचार कर."

ही गोष्ट तासाभरात संघभर झाली. पोरं दुकानापुढं जमली. सिद्धाराम हा संघाचा सलामीचा बॅट्समन, त्यानं तर हातच जोडले. "अण्णा, यंदा न्हाय तर कधीच न्हाय. महारुद्रअण्णा अजून किती वर्षं खेळणार?" धुळाप्पाच्या मनातही तेच येऊन गेलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते आणखी खरं वाटायला लागलं. बरं, एवढ्या पोरांत एकानंही ते महारुद्रला जाऊन सांगितलं नाही. ते काम कप्तानाचं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

घरी बायकोनं, सत्यभामानं, जेवायला वाढताना विचारलं, "महारुद्रभाऊजींना इचारलंत का?"

"इचारणारच हाय."

"मग इचारा. माणूस हाय त्यो. दावणीचा बैल न्हाय, ह्या खुट्याचा सोडून त्या खुट्याला बांधायला."

शनिवारी सकाळी तो खरंच महारुद्रच्या शेतावर गेला. महारुद्र हरभऱ्याला पाणी देत होता. दोघं बांधावर बसले. महारुद्रनं घाटे तोडून दिले, ते खात खात दोघं उद्याच्या मॅचचं बोलले, पाटाच्या पाण्याचं बोलले, महारुद्रच्या धाकट्या पोरीच्या खोकल्याचं बोलले. धुळाप्पाच्या जिभेवर तीनदा शब्द आला आणि तीनदा त्यानं घाट्याबरोबर गिळला. उठताना महारुद्रनं विचारलं, "काही काम होतं का?"

"न्हाय. सहज आलतो."

नळदुर्गला पोचल्यावर दुपारी चार वाजता त्यानं महारुद्रला फोन लावला. उचलला नाही. तो पाण्यात असणार आणि फोन शेतातल्या गोठ्यात, हे धुळाप्पाला चांगलं माहीत होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच त्यानं तेव्हा लावला.

कोंडीराम गुरुजी म्हणजे पूर्वीचे पी.टी.चे शिक्षक, शिस्तीचा माणूस. चष्मा पुसून त्यांनी कागद वाचला, मग दोघांकडं पाहिलं. "नियमात नाही, पण मी विचारतो. दोन्ही खेळाडूंना सांगितलंय ना?"

"व्हय गुरुजी," अमरसिंह म्हणाला.

तेवढ्यात धुळाप्पाच्या खिशातला फोन थरथरला. त्यानं काढून पाहिलं. महारुद्र. भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस कमी. फोन उचलायचा, दारात जाऊन दोन वाक्यं बोलायची, एवढंच करायचं होतं. फोन तळहातावर वाजत राहिला आणि थांबला. पुन्हा वाजला. धुळाप्पानं बाजूचं बटण दाबून आवाज बंद केला आणि फोन खिशात ठेवला.

"धुळाप्पा?" गुरुजी म्हणाले.

"सांगितलंय गुरुजी. त्याची काही हरकत न्हाय."

आणि त्यानं सही केली.

गुरुजींनी संध्याकाळीच नवी यादी सगळ्या संघांच्या ग्रुपवर टाकली. रविवारी धुळाप्पा मैदानावर आला तेव्हा दिवस नुकताच वर येत होता. महारुद्र आधीच आलेला, पीचवर पाणी मारून झालेलं. त्याला पाहून धुळाप्पाला क्षणभर वाटलं, यानं यादी पाहिलीच नसावी. पण महारुद्रनं बादली खाली ठेवली आणि तो म्हणाला, "आज तुमची मॅच हाय. म्हणलं पीच तरी करून द्यावं. मला माकणीला निघायचंय."

"तुझा फोन लागंना, गड्या. लई लावला म्या."

महारुद्रनं त्याच्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "म्या लावलेला तर लागलता की. दोन डाव. पुरा वाजला."

महारुद्रनं सामानाच्या खोलीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. नाही म्हणून घरी बसता आलं असतं त्याला. पण यादीतला गडी आला नाही तर त्या संघाचे गुण कापायचे, असा नियम होता. आणि ज्या माकणीचा तो अजून कुणीच लागत नव्हता, तिचं नुकसान करणं त्याच्यानं झालं नाही.

त्या दिवशी प्रेमनं अठ्ठावीस चेंडूंत सत्तर धावा केल्या. एक चेंडू तर शेजारच्या ज्वारीत असा गेला की सापडलाच नाही. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. पुढच्या रविवारीही तेच. गावातली म्हातारी माणसंसुद्धा पारावरून उठून मैदानाकडं यायला लागली. धुळाप्पा टाळ्या वाजवायचा, ओरडायचा, पण शेवटची ओव्हर आली की त्याचे डोळे सवयीनं लाँग ऑनकडं जायचे. तिथून महारुद्र चेंडू मागायला यायचा. आता तिथं दुसराच कुणी उभा असायचा.

एका दुपारी महारुद्रची बायको दीपमाला दुकानात आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. "भाऊजी, तकरार करायला आले न्हाय मी. रविवारी अंधारात उठून भाकरी बांधून देते, त्येचंबी काही न्हाय. पण माणूस घरात बोलंना झालाय. आधीच कमी बोलायचा. तुमी सांगितलं असतं तोंडावर, तर भांडला असता, चार दिवसांत इसरला असता."

"चुकलं माझं, वहिनी."

"मला सांगून काय करू?" ती म्हणाली आणि गेली.

प्रेमशी त्याचं नीट बोलणं झालं ते उपांत्य मॅचनंतर. पोरगा स्टँडवर गाडीची वाट बघत एकटाच बसला होता. तीन सिक्सर मारून मॅच जिंकून दिलेला गडी, पण चेहरा उतरलेला.

"काय रे, हात दुखायलाय का?"

"न्हाय मामा." मांडीवरची बॅग नीट करत तो म्हणाला, "आई यायची माझी मॅचला. माकणीत मैदानाच्या कडेला बांध हाय, तिथं बसून तूर निवडायची. तिला खेळातलं काही कळत न्हाय. चेंडू वर गेला की मलाच लागंल म्हणून भ्यायची. इथं एवढ्या लांब कशी येणार?"

"मग हो कशाला म्हणलास?"

प्रेमला हसू आलं. "मला कुणी इचारलं? अमरसिंहदादानं सांगितलं, उद्यापासून अणदूर. म्या बॅग उचलली."

गाडी आली, पोरगा चढून गेला. धुळाप्पा मात्र बराच वेळ तिथंच बाकावर बसून राहिला. गुरुजींच्या घरी अमरसिंहनंही किती सहज "व्हय" म्हटलं होतं, ते त्याला आठवलं. दोघं कप्तान शेजारी-शेजारी बसून एकच खोटं बोलले होते.

फेब्रुवारीच्या शेवटी नळदुर्गला अंतिम मॅच झाली आणि अणदूरनं चषक जिंकला. प्रेमच्या बॅटनं जिंकला, यात वाद नाही. ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली, खंडोबाच्या देवळापुढं भंडारा उधळला, येळकोट येळकोट करून पोरांचे घसे बसले. धुळाप्पाला पुढं उभं करून हातात चषक दिला. मिरवणूक महारुद्रच्या गल्लीपाशी आली तेव्हा त्यानं वर धरलेला चषक खाली घेतला. दार बंद असावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. महारुद्र दारातच उभा होता, पोरीला पुढ्यात उभं करून. ट्रॅक्टर समोरून जाईपर्यंत तो टाळ्या वाजवत होता. मग पोरीनं हात पुढं केला म्हणून कुणीतरी तिच्या कपाळाला भंडारा लावला, आणि तो तिला घेऊन आत गेला.

आठवड्यानं संघाची बैठक झाली. सत्कार कुणाचा, फलक कुठं लावायचा, हे बोलणं चाललं होतं. धुळाप्पा मध्येच म्हणाला, "मला एक सांगायचंय. त्या शनिवारी महारुद्रचा फोन आलता. सहीच्या आधी. म्या बघितला आन् उचलला न्हाय. गुरुजींना खोटं सांगितलं."

सिद्धाराम हसला. "एवढंच व्हय अण्णा? आमाला वाटलं काय झालं. चषक आला का न्हाय?" बाकीचेही हसले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. लगेच पुन्हा फलकाचा विषय निघाला. शिव्या बसतील अशी तयारी करून तो आला होता. हे हसणं त्याला सोसेना. पाणी प्यायचं निमित्त करून तो उठला तो परत बसायला गेलाच नाही.

मार्चमध्ये एका सकाळी दुकान बंद ठेवून तो माकणीला गेला. मैदान धरणाकडच्या बाजूला होतं. हंगाम संपला होता, तरी महारुद्र तिथं होता. जुनं पीच पार उकरून नव्यानं माती भरत होता, आणि अमरसिंहासकट चार-पाच जण पाट्या वाहत होते. धुळाप्पाला पाहून अमरसिंह चहा आणायला सांगतो म्हणून बाजूला झाला.

दोघं बांधावर बसले. धुळाप्पानं वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "फोन म्या बघितलता," तो म्हणाला.

"माहीत हाय."

"इचारायला पायजे होतं."

"इचारलं असतंस तर म्या न्हाय म्हणलो असतो." महारुद्र हातातलं ढेकूळ बोटांनी फोडत होता. "ते तुला माहीत होतं. म्हणून तर तू इचारलं न्हाईस."

"व्हय," एवढंच तो म्हणाला. चहा आला, दोघांनी घेतला. मग त्यानं विचारलं, "आता हंगाम संपला. करार बी संपला. येतोस का परत?"

महारुद्रनं कप खाली ठेवला. "हितं मला म्हणत्यात, महारुद्रदादा, पाणी आज मारू का उद्या? लहानथोर सगळे इचारत्यात." तो उठला, हात झटकले. "बघू. ऊन व्हायच्या आत एवढी माती दाबायचीय."

तो अणदूरच्या संघात परत आला नाही. प्रेम मात्र हंगाम संपताच आपल्या गावाला गेला आणि यंदा माकणीकडूनच खेळतोय. धुळाप्पानं कप्तानपद कृष्णराजला देऊन टाकलं. लोकांनी कारण विचारलं तर तो गुडघे दाखवतो. गावात महारुद्रची गाठ पडते, लग्नाकार्यात दोघं एका पंगतीला बसतात, रामराम होतो, पाऊसपाण्याचं बोलणं होतं. सत्यभामा म्हणते, होईल हळूहळू. धुळाप्पा मान हलवतो. परवा महारुद्रच्या पोरीच्या वाढदिवसाला घरी बोलावणं होतं. ते सांगायला दीपमाला आली होती. तो गेला. महारुद्रनं पाट मांडला, जेवायला आग्रह केला, कशात काही कमी पडू दिलं नाही. पाहुण्याला वाढावं तसं वाढलं.