पावतीवरचं प्रथम वर्ष

हनवते काका पावती आधी वाचत नसत. ती खिडकीकडे धरून आरपार बघत, मग पेन्सिल घेऊन एकेका आकड्यावर काट मारत. "डोनेशन गेलं. होस्टेल गेलं. बसभाडं गेलं. काटून उरलं ते खरं." नांदेडच्या आमच्या सरकारी कचेरीत दर फेब्रुवारीला इन्कम टॅक्सच्या सवलतीसाठी मुलांच्या फीच्या पावत्या गोळा होत. त्या माझ्या टेबलावर येण्याआधी काकांच्या टेबलावरून जायच्या. तसा नियम कोणी केला नव्हता. पगारबिलं मी करत असे, धाक मात्र त्यांचा होता.

निम्म्या कचेरीची मुलं लातूरला क्लासला. क्लासची गलेलठ्ठ पावती कोणी आणली की काका ती दोन बोटांनी परत सरकवत. "ह्यो क्लास हाय. सरकारला कालेज लागतं." एकदा एका साहेबांनी पुतण्याची पावती स्वतःच्या मुलाची म्हणून दिली. काकांनी भरल्या खोलीत शांतपणे विचारलं, "दत्तक कधी घेतलं, साहेब? पेढे न्हाई दिले." साहेबांनी पावती खिशात घातली आणि पुढे कित्येक दिवस आमच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

काकांची स्वतःची पावती सगळ्यांत शेवटी यायची. मुलीचं नाव सुजाता, लातूरचं एक छोटं कॉलेज. ते किनवटहून बदलून आले तेव्हापासून मी हे बघत होते. मुलीचं काय चाललंय विचारलं की म्हणत, "लातूरला शिकून राहिली." चेहऱ्यावर असं समाधान, की पुढे काही विचारावंसं वाटत नसे. नंतर नवी करपद्धत आली. तिच्यात पावत्यांची भानगड नव्हती, वर करही कमी बसत होता. सगळी कचेरी तिकडे गेली, काका गेले नाहीत. मी हिशेब करून दाखवला, तर फॉर्मवरून बोट फिरवून म्हणाले, "ह्यात लेकरांच्या नावाचा रकाना कुठं हाय?" मी हसले. म्हातारा हट्टी आहे, एवढंच मनात आलं.

त्या वर्षी जुन्या फायली आवरताना त्यांच्या पावत्या एकाखाली एक हाताला लागल्या. सहा वर्षांच्या सहा. नंबर वेगळे, तारखा वेगळ्या, शिक्के खरे. आणि प्रत्येकीवर तेच: सुजाता प्रल्हाद हनवते, प्रथम वर्ष. मुलगी नापास होत असेल म्हणावं, तर सहा वेळा? शेवटी सही माझी होती. चुकीच्या सवलतीचं उत्तर उद्या मलाच द्यावं लागलं असतं.

जुलैत भाचीच्या प्रवेशासाठी लातूरला गेले होते, तेव्हा त्या कॉलेजात डोकावले. जवळच डाळमिल होती आणि पायऱ्यांवर कोंड्याची पिवळट धूळ बसली होती. फीच्या खिडकीवरच्या बाईंना सुजाताचं नाव सांगितलं, तशी त्यांनी खिडकी ओढून घेतली आणि मला आत बोलावलं. ती मुलगी पहिल्याच वर्षी होस्टेलवर तापानं गेली, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. वडील दर जूनला येतात, एका गरजू मुलीची फी भरतात. अट एकच, पावती सुजाताच्या नावानं आणि हजेरीत तिचं नाव. पुकारलं की फी मिळालेली मुलगी "हजर" म्हणते. प्राचार्यांना पाझर फुटला आणि तेव्हापासून हे चालू आहे.

हे ऐकत असतानाच समोरच्या वर्गात हजेरी सुरू झाली. नावं येत गेली. मग "हनवते सुजाता," आणि लगेच, स्वच्छ आवाजात, "हजर, सर." मी म्हटलं, ही का यंदाची मुलगी? बाईंनी दाराकडे बघितलं. त्यांचा हात टेबलावरच थांबला होता. "ती तर आठ दिवस झाले गावाकडं गेली," त्या म्हणाल्या. वर्गात डोकावून बघायची माझी हिंमत झाली नाही. खोटं कशाला बोलू, पायऱ्या मी पळतच उतरले.

नांदेडला परतल्यावर चार दिवस धीर गोळा केला आणि जेवणाच्या सुट्टीत काकांसमोर सहाही पावत्या ठेवून सुजाताबद्दल विचारलं. ते दचकले नाहीत. "हाव ताई," म्हणाले, "गेली." मग दरवर्षी प्रथम वर्षच का लिहिता, असा वेडगळ प्रश्न माझ्या तोंडून गेला. त्यांनी माझ्याकडे जरा रागानंच बघितलं.

"खोटं कसं लिहू? दुसऱ्या वर्षात ती बसलीच न्हाई."

मला इतकी लाज वाटली की पावत्या पुन्हा फायलीत ढकलाव्यात असं झालं. पण तेच पुढे बोलले. "सवलत काटा. मागचा कर बी व्याजासकट भरतो. नाव तेवढं काटू नका." त्यांनी खरोखरच सगळं भरलं. नंतरच्या दोन्ही फेब्रुवारींत त्यांचा फॉर्म तसाच आला. नाव सुजाता, वर्ष प्रथम, सवलत शून्य. मी सही केली. त्यांना लातूरचं काही विचारलं नाही, तो आवाज ऐकल्याचंही सांगितलं नाही.

निवृत्तीला सहा महिने असताना काका झोपेतच गेले. त्यांच्या पत्नी शेवंताबाई पेन्शनच्या कागदांसाठी इस्लापूरहून आल्या. कुटुंबाच्या तक्त्यात दोन नावं होती, बायको आणि मुलगी. मुलीची सही हवी, नाहीतर मृत्यूचा दाखला. दाखला नव्हताच. काकांनी नोंद कधी करूच दिली नव्हती, बाई म्हणाल्या. नोंदीचा विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे. आता नोंद करायची तर आधी अर्ज हवा होता, आणि तो केल्याशिवाय बाईंची पेन्शन निघणार नव्हती.

मी मजकूर सांगत गेले, बाई एकेक अक्षर कोरत गेल्या. मुलीच्या नावापर्यंत आल्या आणि पेन माझ्या हातात दिला. "फुडचा शब्द तुम्ही लिवा, ताई." जो शब्द काकांनी आयुष्यभर कागदावर येऊ दिला नाही, तो मी लिहिला. मयत. माझं अक्षर एरवी बरं आहे. त्या दिवशी ते फार वाईट आलं.

बाईंनी कागद जवळ ओढला, ओल्या शाईवर हलकेच फुंकर घातली आणि खाली सही केली.

"लई वर्सं एकाच वर्गात बसून राहिली माझी पोरगी," त्या म्हणाल्या. "आता घरी येऊ द्या तिला."