शेखर सरांच्या सात पायऱ्या

शेखर सर आमच्या फार्मसी कॉलेजात एम.फार्म.च्या पोरांना नवनिर्मिती शिकवतात. मी तिथला लॅब असिस्टंट, निवृत्ती. बावीस वर्षं काचेची भांडी धुतोय, पण सरांच्या मेंदूइतकं स्वच्छ धुतलेलं दुसरं काही पाहिलं नाही.

सर वर्गात येतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात आणि म्हणतात, "वेगळा विचार करा. आता लिहून घ्या, नवनिर्मितीच्या सात पायऱ्या." परीक्षेत कुणी सहावी पायरी पाचवीच्या आधी लिहिली की मार्क कापतात. एकदा वर्गातल्या बंटीने आठवी सुचवली, तर "नोट्समध्ये आहे का?" म्हणून त्याला खाली बसवलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि सरांचा तर माइकवर.

यंदा त्याच वर्गातल्या, नामपूरच्या सुवर्णाने प्रोजेक्टसाठी गोळी बांधायला बाजारातल्या पावडरीऐवजी घरच्या शेवग्याचा डिंक वापरला. गोळी विरघळवून बघायच्या मशीनमध्ये टाकली. अर्ध्या तासात विरघळायला हवी होती, ती आठ तास थोडी थोडी विरघळत राहिली. सुवर्णाने तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. "काका, मशीन तर बरोबर शे ना?" तिने मला विचारलं. आदल्या दिवशीच मी ते तपासलं होतं. "बरोबर आहे," मी म्हणालो. तिच्या आजीला दिवसातून तीनदा गोळी घ्यायचं लक्षात राहत नाही. आता एकच पुरली असती. पोरगी आनंदाने नाचायचीच बाकी होती.

सरांनी तिचा तक्ता पाहिला. आमच्याकडे आधी उत्तर ठरतं, मग त्याला रीडिंग जुळवतात. सीनियरची जर्नल्स त्यासाठीच जपून ठेवलेली असतात. "उद्या कॉलेज तपासायला कमिटी येतेय," सर म्हणाले. "गेल्या वर्षीचे आकडे उतरव, नाहीतर प्रोजेक्टवर सही मिळणार नाही. निवृत्ती, मशीन बिघडलंय. पाटी लाव."

सुवर्णा माझ्याकडे बघत राहिली. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. मी खडू शोधायला गेलो.

तिने आकडे उतरवले. कमिटीने नवनिर्मितीच्या उत्तम अध्यापनाबद्दल सरांना शाल दिली आणि सरांनी ती दिवसभर उतरवली नाही. मला त्या माणसाची कीव येत नाही, किळस येते. पण चांगल्या मशीनवर 'नादुरुस्त' अशी पाटी अजून लटकतेय, आणि तिच्यावरचं सुबक अक्षर माझं आहे.