राहिलेला गणपती

एका इंग्रजी शब्दाच्या प्रेमात जन्म काढलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून काका निवृत्त झाले, पण 'रेमनंट' या शब्दाला त्यांनी काही रजा दिली नाही. रेमनंट म्हणजे मागे उरलेलं. मावशीने ब्लाउजपीस आणायला धाडलं, तर काका दुकानात ठाण मांडून सांगणार, "हा शब्द फ्रेंचांकडून आला, मूळ लॅटिन. अर्थ टाकलेला नव्हे, थांबलेला! तुम्ही दुकानदारांनी त्याचं कटपीस केलंत." ब्लाउजपीस दुकानातच राही. शेजारचा पोरगा कंपनीत अजून काँट्रॅक्टवरच म्हणून तोंड पाडून बसला होता, तर काका समजूत घालायला हजर. "अरे, रेमनंट आणि पर्मनंट एकाच लॅटिन आईची लेकरं, दोघंही थांबणारे!" पोरगा म्हणाला, "सर, मग त्या आईला सांगा ना, माझ्याकडं पन बघ जरा."

गणपती आणायला ते पेणला मुद्दाम शेवटच्या संध्याकाळी जात. कुणी न नेलेली मूर्तीच घरी आणायची, हे त्यांचं व्रत. कधी कडक सोवळ्याच्या धास्तीने लोकांनी सोडलेला उजव्या सोंडेचा गणपती येई, कधी मखरात न मावणारा. मावशी कपाळाला हात लावी, आणि आरतीत सगळ्यांत मोठा आवाज तिचाच असे.

यंदा काकांचा गुडघा धरला म्हणून मी गेले. कारखान्यात एकच मूर्ती उरलेली, इतकी देखणी की मला नवल वाटलं. काकांचं नाव सांगताच कारखानदारांनी ओलं फडकं घेऊन पायातल्या तोड्याचा सोनेरी रंग पुसून टाकला. मी ओरडलेच.

"ऱ्हाऊ द्या ताई. नीट दिसला तर सर घेनार नाय, मग घरात गणपती कुठला? चार गिऱ्हाइकं मागून गेली, दिला नाय."

"म्हणजे दरवर्षी...?"

"व्हय. कायतरी राखून ठेवतोच. सर इथं बसतात, त्या शब्दाचं सांगतात. त्याबिगर आमचा सीझन संपत नाय."

काका दारात काठी टेकून उभे होते. तोडा बघून त्यांचा चेहरा असा फुलला की खरं काय ते मी पोटातच ठेवलं. "बघ, एवढ्याशासाठी लोकांनी सोडला! आपण नसतो तर बिचारा कुठे गेला असता?"

मूर्ती झाकून ठेवल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कारखान्यात माझी चौकशी केली का गं कुणी?"

"केली. सर आले नाहीत तर सीझन संपल्यासारखा वाटत नाही म्हणाले."

काका चष्मा काढून पुसत राहिले. मी आत मावशीला मदत करायला निघून गेले.