हिरोचा डावा हात

कात्री कापडाला लावण्याआधी अण्णा ती हवेत दोनदा वाजवत. कच्, कच्. मग क्षणभर थांबत, ओठ आत ओढून घेत, आणि मगच पहिला काप पडे. ब्लाउजसाठी टेलरच्या दारात ताटकळत उभं राहण्याचा योग तुमच्याही नशिबी आला असेल, तर अशा लकबी तुम्हीही पाहिल्या असतील. आमचे टेलर अण्णा मात्र डावखुरे होते. कात्रीही डावी, बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका धारवाल्याकडून मुद्दाम घडवून घेतलेली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती कापड कापायची नाही, नुसती चावायची.

आणि तोंडात एक शब्द कायमचा. नाळे. नाळे म्हणजे उद्या. मी निपाणीची, त्यामुळे कन्नड मला येतं. पण अण्णांचा नाळे कोणत्याच कॅलेंडरात सापडायचा नाही. मंगळवारी गेलं तर नाळे, बुधवारी गेलं तर नाळे, आणि शनिवारी मी आवाज चढवला की, "स्वल्प ताळ्री अक्का, थोडं थांबा, फक्त हुक राहिलेत." हे हुक त्यांची बायको, आमच्या वहिनी, लावायच्या. त्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात बसायच्या आणि नवऱ्याचं खापर आपल्या हुकांवर फुटलं की आतूनच खोकायच्या.

चार पिढ्या बेंगळुरूत काढलेलं हे शिंप्यांचं घर. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडण झालं तर दोन्ही. मी जवळच्याच एका विमा कार्यालयात नोकरीला लागले आणि मराठी बोलणारा टेलर मिळाला म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यानंतर वीसेक वर्षं चिडत चिडत जात राहिले. त्यांच्या हातचा ब्लाउज खांद्यावर असा बसायचा की दुसरीकडे जायची सोयच उरली नव्हती.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, गौरी-गणपतीच्या आधी, हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर मी सिनेमाला गेले होते. हवा होता तो सिनेमा हाऊसफुल्ल होता, म्हणून शेजारच्या पडद्यावरच्या कुठल्याशा विनोदी कन्नड सिनेमात जाऊन बसलो. मोठं नाव एक नाही, गाणी नाहीत, प्रेक्षक दहा-बारा. एक लेडीज टेलर सगळ्या गल्लीच्या मापांचा घोळ घालतो आणि एका लग्नात प्रत्येक बाई दुसरीच्या मापाचा ब्लाउज घालून श्वास धरून उभी असते, अशी काहीतरी गोष्ट. टेलरचं काम करणारा मुलगा काटकुळा होता. हसवायचा मात्र छान. पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरला आणि आम्ही विसरूनही गेलो.

सण झाल्यावर मी अण्णांकडे गेले, तर माझा ब्लाउज अर्थातच झाला नव्हता. मी वैतागून म्हटलं, "तुमच्यासारखाच एक टेलर परवा सिनेमात बघितला. तोही मेला वेळेवर काही देत नाही."

अण्णांनी कात्री खाली ठेवली. कापड टेबलावर पसरलेलं असताना त्यांनी कात्री खाली ठेवलेली मी प्रथमच पाहिली.

"तुम्ही बघितला तो? खरंच बघितला?" त्यांनी विचारलं. "अक्का, त्यातले हात माझे हो."

मग सगळी हकिगत बाहेर आली. शूटिंग याच दुकानात झालं होतं, तीन दिवस. दिग्दर्शकाची मावशी अण्णांची गिऱ्हाईक. त्या काटकुळ्या मुलाला कात्री धरता येईना, म्हणून कापण्याचं काम जवळून दाखवायचं तेव्हा अण्णांचे हात घ्यायचे ठरलं. शूटिंगवाल्यांनी आणलेलं पांढरं कापड दिव्यांखाली नुसतं चकाकत होतं. दिग्दर्शकाचं लक्ष दोरीवरच्या जांभळ्या रेशमी ब्लाउजपिसाकडे गेलं. ते एका बाईंचं होतं, संध्याकाळी द्यायचं होतं, कापायचं तर होतंच. अण्णा सरी, म्हणजे बरं, म्हणाले. तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, उजव्या हाताने कापा, हिरो उजवा आहे.

"मी म्हटलं, उजव्या हाताने मी जेवतो. कापत नाही. गिऱ्हाइकाचं कापड आहे."

दिग्दर्शकाने डोकं धरलं, विनवण्या केल्या. कुणाला कळणारही नाही असं कुणीसं म्हणालं, मग मंडळींनी डाव्यावरच भागवलं. ब्लाउज शिवून झाल्यावर त्या मुलाने हौसेने त्याला एक हुकही लावला होता. त्या दिवसाचं शूटिंग संपल्यावर अण्णांनी तो त्याच्यादेखत उसवला. मुलगा म्हणाला, मास्टर, माझा एक हुक तरी राहू द्या ना. अण्णा म्हणाले, तिरका आहे, गिऱ्हाइकाचं कापड आहे.

आणि एवढं होऊन अण्णांनी तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता. तो लागला तो आठवडा गौरीच्या आधीचा. त्या आठवड्यात शिंप्याने दुकान सोडणं म्हणजे लग्नघरातून भटजीने उठून जाण्यासारखं. सण आटोपून ते थिएटरवर गेले, तर पोस्टरं बदलली होती.

"हात कसे दिसत होते?" त्यांनी विचारलं.

आता तुम्हाला म्हणून सांगते, मला ते हात अजिबात आठवत नव्हते. मी तेव्हा बहुतेक चिवडा खात होते. पण त्या माणसाचा चेहरा बघून मी म्हटलं, "छान दिसत होते."

"आधी हवेत दोनदा वाजवतो, ते ठेवलंय?"

"ठेवलंय की. स्पष्ट दिसतं."

अण्णांनी आत बघून आवाज दिला, "ऐकलं का, अक्कांनी बघितलंय." वहिनी आतून म्हणाल्या, "हात काय, हातासारखे हात. ओळखू येतायत थोडेच."

त्यानंतर तो काटकुळा मुलगा बघता बघता फुगला. दंड आले, मिशी आली, गाडीच्या टपावर उभं राहून येणं आलं. रिक्षांच्या पाठीवर तो, बसस्टॉपवर तो, चौकात तीन मजली कटआउट आणि त्यावर दुधाचा अभिषेक. अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, त्याचा टेलरचा पिक्चर बघितलाय का? बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. म्हातारा थापा मारतो, असं एकीने माझ्यासमोर म्हटलं तेव्हा माझंच डोकं फिरलं. पण साक्षीदार म्हणून मी उभी राहणार कोणत्या तोंडाने? मला पडद्यावरच्या टेलरचं तोंड आठवत होतं, हात नाही.

एकदा दुकानातल्या छोट्या टीव्हीवर हिरोची मुलाखत लागली. पहिला सिनेमा कोणता, असं विचारल्यावर त्याने दुसराच सांगितला, तो मोठा, परदेशातल्या गाण्यांचा. मी तिथेच उभी होते. मला इतका संताप आला की मी टीव्हीशी भांडू लागले. अण्णांनी मात्र टीव्ही बंद केला आणि इस्त्री उचलली.

"जाऊ द्या अक्का. स्वतःचं पहिलं शिवलेलं कुणाला दाखवावंसं वाटतं?"

असं म्हणाले खरं, पण इस्त्री त्यांनी टेबलावर नेहमीपेक्षा जोरात आपटली. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नाव नको आपल्याला. एकदा बघायला मिळालं असतं, बस."

तेव्हापासून मी हात धुऊन त्या सिनेमाच्या मागे लागले. निर्मात्याने धंदा बदलला होता, दिग्दर्शकाचा फोन लागायचा नाही, मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या एकाही कंपनीकडे तो नव्हता. दोन पत्रं हिरोच्या कार्यालयाला पाठवली. उत्तर म्हणून सहीचा फोटो आला. दोन्ही वेळा तोच फोटो.

शेवटी रजा टाकून मी जे. पी. नगरमधल्या त्याच्या चाहत्यांच्या संघटनेचं कार्यालय गाठलं. भिंतभर पोस्टरं, प्रत्येकावर सिनेमाचा क्रमांक. अध्यक्षाला मी सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, "मॅडम, बॉस पोलीस झालेत, डॉन झालेत, एकदा देवही झालेत. टेलर कधी झालेले नाहीत."

"अहो, मी स्वतः थिएटरात बसून बघितलाय."

"दुसरा कुणी असेल. बॉससारखे दिसणारे पुष्कळ असतात."

परत येताना दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकले. सिग्नलवर समोरच्या बसच्या पाठीवरून हिरो माझ्याकडे बघून हसत होता. अण्णांना मी फक्त म्हटलं, "शोधतेय." ते म्हणाले, "सरी अक्का," आणि माझ्या ब्लाउजची तारीख नाळेवर ढकलली.

अशी वर्षं गेली आणि गेल्या गौरीच्या चार दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसमधल्या मुली मोबाइलवर काहीतरी बघून खिदळत होत्या. मोठ्या हिरोंच्या सिनेमांतल्या चुका कुणीतरी जोडून टाकल्या होत्या. मी मान वळवली तर टेलरच्या वेशातला तो काटकुळा मुलगा. दोन मिनिटांचा तुकडा. तो उजव्या हाताने कात्री उचलतो, आणि पुढच्याच क्षणी कात्री डाव्या हातात. खाली जांभळं रेशीम. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलेला, नखात खडू. तो हात कात्री उचलतो आणि हवेत दोनदा उघडतो, मिटतो. मग कापतो. वीस वर्षांपूर्वीची माझी थाप शब्दशः खरी निघाली होती. माझे डोळे भरून आले आणि त्या मुली आणखीच हसल्या.

मी डबा तसाच टाकून दुकानाकडे पळत सुटले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोरीवर ब्लाउज, स्टुलावर ब्लाउज, अण्णांच्या खांद्यावर अस्तर. टेबलावर मोरपंखी रेशीम पसरलेलं आणि त्यावर खडूच्या रेघा.

"अण्णा, सापडला," मी फोन पुढे केला. "तुमचे हात आहेत. बघा."

त्यांनी फोनकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं.

"आता नको, अक्का."

"दोन मिनिटांचं आहे हो."

"कापड मांडलंय. बाईंची रात्रीची गाडी आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एवढी वर्षं थांबलो, चार दिवसांचं काय. सण होऊ दे. हिला बाहेर बोलावतो, शटर अर्धं ओढतो, नीट बसून बघू. असं उभ्या उभ्या नको."

मला भयंकर राग आला. माणसासाठी धावत यावं आणि त्याने नाळे म्हणावं. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन, त्यावर पाठवायचीही सोय नव्हती. "बसा मग कापत," मी म्हटलं आणि वळले.

"अक्का," त्यांनी मागून विचारलं, "ते दोनदा वाजवतो, ते आहे ना?"

"आहे," मी रागातच म्हटलं.

ते हसले. मी पायरी उतरत असताना मागून कात्री हवेत वाजली. कच्, कच्.

त्या दिवशी मी फोन त्यांच्या नाकासमोर धरायला हवा होता. वाद घालायला हवा होता, कापड उचलून बाजूला ठेवायला हवं होतं. पण मी फणकाऱ्याने गेले आणि दुसऱ्या दिवशी निपाणीला, गणपतीला.

परत आले तर शटर पूर्ण ओढलेलं. शेजारच्या बांगडीवाल्याने सांगितलं, गौरीच्या सकाळी शेवटचा ब्लाउज देऊन झाला, छातीत जड वाटतंय म्हणाले, स्टुलावर बसले, आणि संपलं.

मी दुकानाच्या वरच्या घरी गेले. वहिनींनी आधी एक पिशवी माझ्या हातात ठेवली. त्यात माझा ब्लाउज होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वेळेवर झालेला. हुकसुद्धा लावलेले होते.

"अक्कांकडे पिक्चर आहे म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या. "मला नवी साडी नेसून बस म्हणाले होते. दाखवा."

मी फोन त्यांच्या हातात दिला. हिरोचा उजवा हात आला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे नव्हेत." मग डावा हात आला. हातासारखे हात म्हणणाऱ्या त्या बाईने फोन डोळ्यांजवळ नेला आणि पदर तोंडाला लावला. तुकड्यावर कुणीतरी ढणढण संगीत घातलं होतं, कात्रीचा आवाज ऐकू येत नव्हता. तुकडा संपला.

"खाली लोकांनी काय लिहिलंय?"

मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. हात बदललाय, एडिटर झोपले होते का, काय ही चूक, असं लिहून सगळे हसतायत.

"मग तुम्ही लिहा की," वहिनी म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचं कापड होतं म्हणून लिहा."

मी कन्नडमध्ये तेवढंच लिहिलं. मिनिटभरात उत्तर आलं, एक हसणारं तोंड. मी फोन फेकूनच देणार होते, पण वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

मी लावला. हाताने कात्री उचलली, एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली. तिथे वहिनींनी काचेवर बोट ठेवून चित्र थांबवलं. कात्री हवेत होती आणि कापड अजून अख्खं होतं.