गाण्याला चार दिवस राहू दे

उसाने भरलेला ट्रॅक्टर रस्त्याने निघाला की आमच्या भागातली पोरं त्याच्या मागे धावतात. ट्रॉलीतून एखादा ऊस ओढून घ्यायचा आणि धूम ठोकायची. माझी आत्याही धावायची. वय सत्तरीच्या घरात, पायात स्लीपर, पदर कमरेला खोचलेला. तिला ऊस मात्र नको असायचा. ती ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन हात आडवा करायची आणि ड्रायव्हरला ओरडून विचारायची, "अरे बाबा, हे गाणं कुठलं?"

ज्यांनी हंगामात आमच्याकडचे ट्रॅक्टर पाहिले आहेत त्यांना गाण्याचं वेगळं सांगायला नको. ड्रायव्हरच्या डोक्याशी हे मोठे आवाजाचे खोके बांधलेले असतात आणि ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचं गाणं येतं. शहाणी माणसं कानावर हात ठेवतात, खिडक्या लावून घेतात. आत्या खिडकी उघडायची. ड्रायव्हर मंडळींत तिचं नाव 'गान्याची आज्जी' असं पडलं होतं आणि ते तिला सुनेने ठेवलेल्या नावांपेक्षा जास्त आवडायचं.

तिचं घर कोपरगावजवळ, कारखान्याच्या रस्त्याला अगदी लागून. तिचे यजमान, आमचे अण्णा, कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथेच घर बांधलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी वेड्यात काढलं. धूळ, गोंगाट, मळीचा वास, काय म्हणून राहायचं तिथं? पुढे अण्णा गेले. मुलगा पुण्याला बोलवायला लागला. आत्या म्हणाली, "पुण्यात माझ्या दारावरून ट्रॅक्टर जाणार आहेत का?" मुलाला वाटलं, आई दुःखाने भ्रमिष्टासारखं बोलते आहे. ती अगदी शुद्धीवर होती.

हंगामात कारखान्याबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि नंबर येईपर्यंत ड्रायव्हर ताटकळत बसतात. आत्याच्या फाटकासमोरच ही रांग असायची. ती त्यांना पाणी द्यायची, चहा द्यायची, पण अट घालून. "चहा फुकट मिळणार नाही. मी न ऐकलेलं गाणं ऐकवा." जामखेडकडचा रामा म्हणून एक ड्रायव्हर दर हंगामाला यायचा. तो आल्या आल्या फाटकातूनच आरोळी द्यायचा, "आज्जी, च्या ठिवा! लई भारी गानं आनलंय."

"मागच्या खेपेला पण भारी म्हणाला होतास. ते माझ्या लग्नातलं निघालं."

"न्हाई न्हाई, ह्ये नवंकोरं हाय. आमच्या गावात बी अजून कुनी आयकलं नसंल."

मग दोघं ट्रॅक्टरच्या सावलीत बसून गाणं ऐकायची. रामा बिचारा मान डोलवायचा आणि आत्या परीक्षेला बसल्यासारखी गंभीर.

आता माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी नगरला शाळेत गणित शिकवलं. कॉलेजात असताना जी गाणी ऐकली, जी पुस्तकं वाचली, तेवढ्यावर माझी दुनिया पुरी झाली होती. त्यानंतर कुणी गायलंच नाही आणि कुणी लिहिलंच नाही असं माझं ठाम मत होतं. निवृत्त झाल्यावर हे मत ऐकवायला वेळही भरपूर मिळायला लागला. बायको सुनंदा म्हणायची, "तुमचं घड्याळ बंद पडलंय, पण टोले चालू आहेत." मला ते लागायचं, कारण आत कुठेतरी ते खरं वाटत होतं. सकाळी उठल्यावर आज नवीन काय, असं विचारायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

एकदा आत्याकडे गेलो असताना तिनं मला फोनवर एक गाणं ऐकवलं. कुणी तरुण मुलगा धाप लागेपर्यंत नुसता बोलत होता. मी म्हणालो, "हे गाणं आहे? मुलं घोकून पाढे म्हणतात तसं वाटतंय."

आत्याने फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. "नव्या सुनेला उंबऱ्यातच नावं ठेवतोस का रे? तिला चार दिवस घरात राहू दे. चुलीशी वावरू दे. मग बोल."

तिचा खाक्याच तसा होता. नवं गाणं आलं की ते तिच्या घरी राहायला यायचं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, दुपारी पडल्या पडल्या ती तेच लावायची. मधे मत द्यायचं नाही. चार दिवसांनी निकाल लागायचा. पुष्कळ गाणी नापासही व्हायची, पण ती चार दिवस सासरी राहून झाल्यावर. त्या पाढे म्हणणाऱ्या मुलाचं गाणं पुढे तिला इतकं आवडलं की तो गावाकडच्या विहिरीबद्दल बोलतो आहे हे तिनेच मला दाखवून दिलं. मी ते पुन्हा ऐकलं. विहीर होतीच. मला पहिल्यांदा फक्त वेग ऐकू आला होता.

पुस्तकांचं तसंच. गावातल्या वाचनालयात जाऊन ती सांगायची, "ज्यांचं नाव मी ऐकलं नाही अशा कुणाचं तरी द्या." पुस्तक जमलं नाही तर ती ते लगेच परत करत नसे. आधी जागा बदलून बघायची. पलंगावर नाही रमलं तर स्वयंपाकघरात, तिथं नाही तर फाटकाजवळच्या कट्ट्यावर. "दरवेळी पुस्तकच चुकतं असं नाही रे, कधी कधी आपली बैठक चुकते," असं तिचं म्हणणं. एक जाडजूड कादंबरी तिने पूर्ण गच्चीवर वाळवणाशेजारी बसून वाचली. परत केली तेव्हा पानांना कुरडयांचा वास येत होता म्हणे.

मग काही वर्षांनी ती संक्रांत आली. आत्याचं हळदीकुंकू, अण्णा गेल्यावरही तिने हट्टाने चालू ठेवलेलं, म्हणजे कारखान्याच्या कॉलनीतल्या बायकांचा मेळावाच. मी सुनंदाला घेऊन गेलो होतो आणि पुरुषाने अशा दिवशी बसावं तसा व्हरांड्यात बसलो होतो. आत्याने सगळ्यांना तिळगूळ दिला आणि म्हणाली, "आज तुम्हाला माझं नवं गाणं ऐकवते. कालच रामानं दिलंय. काय ठेका आहे, बघा तरी." गाणं सुरू झालं. ठेका खरोखर फक्कड होता. पण त्यातला माणूस भर बाजारात एका बाईला जे काही विचारत होता ते हळदीकुंकवातच काय, पानाच्या टपरीवरही कुणी मोठ्याने विचारणार नाही. आत बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आत्या कमालीची धीट, असं म्हणत, वाण घेऊन, त्या खुशीत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी रामाला कळलं तेव्हा तो चार ट्रॅक्टर पलीकडे जाऊन लपला होता.

मी परतीच्या वाटेवर गाडीत हसत होतो. सुनंदा हसत नव्हती. राहुरीच्या जवळपास ती म्हणाली, "सगळ्या हसायला लागल्या तेव्हा आत्यांचा चेहरा तुम्ही बघितला नाहीत. त्या ठेका धरून बसल्या होत्या आणि मला हळूच विचारत होत्या, आवडलं नाही का गं यांना? अहो, त्यांना शब्द ऐकूच आले नाहीत."

नगरला आणून डॉक्टरांना दाखवलं. कान बरेच गेले होते. यंत्र बसवलं. त्याने समोरच्याचं बोलणं जवळून कळायला लागलं, पण गाणं लावलं की ती यंत्र काढून ठेवायची. "पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं," म्हणाली. मी तिची समजूत घालायला म्हणून बोललो, "मग जुनीच ऐक ना. आपल्या काळची गाणी काय कमी आहेत?"

माझ्यावर ती आयुष्यात एकदाच चिडली, ती त्या दिवशी. "जुनी मला ऐकू येतातच. कानाने नव्हे, पाठ आहेत म्हणून. पहिला सूर लागला की पुढचं मीच आतून म्हणते. नव्या गाण्याचं आत काहीच नाही रे माझ्याकडे. आता मरेपर्यंत मी माझंच ऐकत बसू? आणि आपला काळ म्हणजे कुठला? आज सकाळी मी चहा प्यायले तो कुणाचा काळ होता?"

तिचे डोळे भरले होते. मग नाक पुसून ती म्हणाली, "तू ऐक आणि मला सांग."

"गाणं सांगायचं कसं, आत्या?"

"लग्नाला जाऊन आलास की पंगतीत काय काय होतं ते सांगतोस ना? तसं."

पहिल्या खेपेला मी सांगितलं, "चांगलं आहे." आत्या म्हणाली, "हे जावयाने भाजीला म्हटल्यासारखं झालं. पहिल्यापासून सांग. आधी काय वाजतं? बाई गाते की पुरुष? पोट भरलेला माणूस आहे की उपाशी?" मला काहीच सांगता येईना. घरी येऊन तेच गाणं मी पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. पुढच्या खेपेला तिच्या कानाशी वाकून, मोठ्या आवाजात सांगितलं की आधी नुसती हलगी आहे, लांबून येणारी, आणि गाणारी बाई रडून झाल्यानंतर तोंड धुऊन आल्यासारखी गाते. आत्याने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, "हां. आता आलं."

रामा तर माझ्याही पुढे गेला. तो खोक्याचा आवाज वाढवायचा आणि आत्याचा हात धरून त्यावर ठेवायचा. तळव्याला ठेका, कानाशी मी. रांगेतले बाकीचे ड्रायव्हर बघत राहायचे. कुणी हसलं नाही.

याच्या बदल्यात आत्या मला पुस्तक सांगायची. पण तिचा कावा असा की ऐन मोक्याला थांबायची. बाई घर सोडून स्टँडवर आली, गाडी लागली, आणि आत्या म्हणायची, "माझा घसा दुखतोय." पुस्तक माझ्या पिशवीत टाकायची. त्या बाईने गाडी पकडली की नाही हे कळायला मला ते वाचावंच लागायचं. असं करत करत माझ्या उशाशी ज्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती अशा लेखकांची चळत लागली. दुपारी मी झोपेनासा झालो. सकाळी उठलो की काल कुठे थांबलो होतो ते आठवून बरं वाटायचं. सुनंदा म्हणाली, "घड्याळ दुरुस्त झालं वाटतं." झालं होतं. ते कुणी केलं हे मला माहीत होतं आणि आत्याला मी तसं एकदा सरळ सांगितलंही. ती म्हणाली, "मला गाणी हवी होती म्हणून केलं. तू फुगू नकोस."

मागचा हंगाम संपून कारखाना बंद झाला, ट्रॅक्टर आपापल्या गावी गेले आणि श्रावणात आत्या गेली. त्रास फार झाला नाही. दुपारी वाचत पडली होती, तशीच. पुस्तकात कढीपत्त्याची काडी होती, ती तिची खूण. तिथून पुढची पानं मी वाचली. शेवट चांगला होता. तिला सांगायला हवा होता.

यंदा कारखाना सुरू झाल्यावर घराची डागडुजी बघायला मी गेलो. रांग लागलेली होतीच. फाटकातून ओळखीची आरोळी आली, "आज्जी, च्या ठिवा!" मी बाहेर गेलो. रामाने माझ्याकडे बघितलं, मग बंद खिडकीकडे. मी सांगितलं. तो ट्रॅक्टरच्या पायरीवर बसला.

"मला कुनी सांगितलंच न्हाई, सर." तो टोपी हातात फिरवत राहिला. "त्यांच्यासाठी गानं राखून ठिवलं हुतं. गावाकडं आयकलं तवाच म्हनलं, ह्ये आज्जीला. दुसऱ्या कुनाला आयकवलं बी न्हाई."

"मग लाव की," मी म्हणालो.

त्याने गाणं लावलं. मी नकळत आत्यासारखा तळवा खोक्यावर ठेवला. गाणं संपलं. "कसं हाय, सर?" त्याने विचारलं. खरं सांगायचं तर मला आवडलं नव्हतं. गाणारा नाकात गात होता आणि मधेच चाल सोडून भलतीकडे जात होता.

"चार दिवस राहू दे," मी म्हणालो.

रामाने बाहीने डोळे पुसले. "आज्जी बी आसंच म्हनायच्या." तेवढ्यात रांग पुढे सरकली, त्याने ट्रॅक्टर चालू केला आणि तो गेला.

गाणं मी फोनवर घेऊन आलो होतो. पुढच्या आठवड्यात सुनंदाबरोबर मेथी निवडत बसलो असताना ती थांबली. "हे काय गुणगुणताय? कधी ऐकलं नाही."

मी सांगायला लागलो. आधी काही वाजत नाही, नुसता माणूस आहे. नाकात गातो, पण ते सर्दीमुळे नव्हे, हुंदका अडवून धरल्यामुळे. आणि चाल जिथे सुटली असं वाटतं तिथे तो घराकडे वळलेला असतो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी फार मोठ्यानं बोलतो आहे, सुनंदाच्या कानाशी वाकून, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सुनंदाचे कान चांगले ठणठणीत आहेत. पण आवाज कमी करा असं ती म्हणाली नाही. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांगा."