शेवटच्या पानापासून वाचणारे नायकजी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ‘पऱ्हाटी’वरच्या चर्चांचा क्रम नायकजींनी बदलला नव्हता, मी बदलला होता.

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कापसाचं झाड; त्याच नावाचं कापूस पिकवणाऱ्यांसाठी आम्ही दिग्रसमधून चालवलेलं चर्चेचं संकेतस्थळ. कापसाचं गणित दरसाल बिघडत होतं नि लोकांना विचारायचं फार होतं. बसस्टँडजवळचं नेट कॅफे नायकजींचं. शेजारी मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणून त्यांचा ‘मास्तर’.

कोणीही पहिल्या पानापासून वाचतो. नायकजी शेवटच्या पानापासून वाचत. ताजं उत्तर आलेला विषय आपोआप वर चढतो आणि ज्याला कोणी विचारत नाही तो खाली खाली जातो, हे त्यांना कधी पटलंच नाही. त्यांचे वडील बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. बैठकीत गप्प बसलेल्याला ते आधी बोलायला लावत. तीच रीत यांनी इथे आणली. उत्तर न मिळालेले प्रश्न सगळ्यांत वर, अशी मांडणी माझ्याकडून करून घेतली, तरी शेवटचं पान आधी उघडायची त्यांची सवय गेली नाही.

“नायकजी, जिथं वाद तिथं वाचक,” मी कुरकुरायचो.

“वाद पाहाले चौक हाय ना, मास्तर. ज्याले जवाब भेटला त्याचं काम झालं. बाकीच्याले मांगं कायले ढकलतं?”

एकदा कोणीतरी कापसाच्या विभागात म्हशीचा प्रश्न टाकला. मी तो ‘इतर’मध्ये हलवायला निघालो, तर म्हणाले, “राहू दे. म्हैस सरकी खाते का नाही? मंग झाली ना कापसाचीच!” उत्तर ठाऊक नसलं तरी ते ‘वाचलं, विचारून सांगतो’ एवढं लिहीत. आणि कॅफेत येईल त्याला खरंच विचारत बसत.

मुलीच्या लग्नासाठी ते तांड्यावर गेले तेव्हा सगळा कारभार माझ्या हाती आला. माझंच म्हणणं खरं, हे मला दाखवून द्यायचं होतं. जास्त उत्तरं तो विषय वर, असा क्रम मी लावून टाकला. कापसाच्या भावावरून पेटलेलं भांडण सगळ्यांत वर आलं, वाचक वाढले. मी खूश.

त्याच दिवसांत ढाणकीच्या एका बाईंनी लिहिलं: ‘फवारताना मालकांच्या डोळ्यात औषध उडालं. लाल झाला. घरचे म्हणतात आपोआप बरा होईल. काय करावं?’ खाली फोन नंबर. एकही उत्तर नाही, म्हणून तो प्रश्न तळाला गेला. मी तळाला बघत नव्हतो.

लग्नाहून आलेल्या नायकजींनी बुंदीचा पुडा माझ्या हातात दिला आणि सवयीने शेवटचं पान उघडलं. तिथूनच फोन लावला. “बाई, वाट नका पाहू, आत्ताच्या आत्ता उमरखेडले दवाखान्यात न्या!” बाईंनी नवऱ्याला नेलं, पण उशीर झाला होता. एक डोळा गेला.

संकेतस्थळावर लोक तुटून पडले: हा प्रश्न वर का नव्हता? नायकजींनी एका बोटाने टाइप केलं, ‘क्रम मी बदलला. चूक माझी.’

“नायकजी, असं कसं...” मी मागे उभा होतो.

“तुह्या क्लासले पोरं येतात. तुहं नाव लागलं तं उद्यापासून कोन येईन? मले म्हाताऱ्याले कोन काय म्हनते?” मग वळून न पाहता, “पह्यले क्रम जाग्यावर आन. मंग बोलू.”

क्रम मी जागेवर आणला. ते मात्र त्यावर कधीच बोलले नाहीत. रागावले असते तर मी सुटलो असतो.

लोक पुढे मोबाइलवरच्या ग्रुपांकडे गेले, ‘पऱ्हाटी’ ओस पडलं. नायकजी अधूनमधून एसटीने ढाणकीला जात, त्या घरी चहा घेऊन येत. “चाल” असं मला म्हणाले नाहीत. मीही “येतो” म्हटलं नाही. आता ते राहिले नाहीत. मी माझ्या विद्यार्थ्यांना अजून सांगतो, आधी उत्तर न मिळालेले मेसेज उघडा. ही शिकवण कोणाची, तेही सांगतो. एवढं सांगणं सोपं आहे.

त्या घरात ती चूक आजही नायकजींच्याच नावावर आहे. ढाणकीला जाऊन त्या नवराबायकोसमोर ती माझ्या नावावर करून घेणं, हे मी देणं लागतो.