वसईत कसली आलीय थंडी?

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मैत्रिणीला नाही, दादाला नाही, देवाला तर नाहीच – त्याच्यासमोर हात जोडून मी नेहमी दुसरंच काहीतरी मागत आले. आज सांगतेय तेही मन हलकं व्हावं म्हणून नाही. राग आलाय म्हणून सांगतेय. गेल्या महिन्यात चुलत बहिणीच्या हळदीला माझी वहिनी चार बायकांत म्हणाली, "आईंची गाणी माझ्याच निष्काळजीपणानं गेली." सगळ्यांनी तिची समजूत घातली. आमची म्हातारी काकी म्हणाली, "जाव दे गो. गेली ती गानी. आता कोन सांगनार?" आणि मी? मी शेजारी बसून हळद कालवत होते.

मला राग माझा येतो हे उघड आहे. पण वहिनीचाही येतो – खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं झाली, अजून ती माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून बसली आहे. माणसानं इतकं सरळ असावं का?

गाण्यांचं आधी सांगते. वसईत राजोडीच्या रस्त्याला आमची वाडी आहे – केळी, पानवेल, थोडा मोगरा. आईला लग्नातली सगळी गाणी यायची. मांडवाची, हळदीची, नवरीला न्हाऊ घालतानाची. आमच्या घरच्या बोलीतली, कुठल्या पुस्तकात न सापडणारी. मी लहान असताना ती मला शिकवायला बघायची आणि मी कानावर हात ठेवून पळायचे. शाळेत पोरी आमच्या बोलीला हसायच्या. मला लाज वाटायची. आईनं दोन-चारदा प्रयत्न केला, मग सोडून दिलं.

वहिनी साताऱ्याकडची. पहिली काही वर्षं आईचं आणि तिचं जमलं नाही. आई बोललेलं तिला कळायचं नाही आणि ती बोललेलं आईला पुस्तकी वाटायचं. मग एका वर्षी हिवाळा सरताना ती मोगऱ्याच्या कळ्या ओवायला आईजवळ बसायला लागली. तिच्याकडे लग्नाआधीच्या नोकरीत घेतलेला म्युझिक प्लेअर होता, पत्त्यांच्या कॅटएवढा, आत फिरणारी हार्डडिस्क असलेला. छोटा माइक जोडला की रेकॉर्डिंगही व्हायचं. आई गायची, वहिनी अडलेला शब्द विचारायची, आई चिडून सांगायची आणि दोघी हसायच्या. मी कामावरून यायचे तेव्हा ओटीवर हे चाललेलं असायचं. माझ्यासाठी कुणी सरकून जागा केली नाही असं नाही. मीच बसले नाही. मला झोंबायचं. माझी आई, आमची गाणी, आणि ही बाहेरून आलेली बाई वारस?

आता माझ्या कामाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी वालीवला मासळी गोठवणाऱ्या एका युनिटमध्ये सुपरवायझर आहे. बाहेर अंगाची काहिली आणि जाड दाराच्या आत हाडं गोठवणारी थंडी, अशा दोन ऋतूंत आमची रोजची ये-जा. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेते – आतून बाहेर आणलेलं कुठलंही यंत्र लगेच चालू करायचं नाही. आमच्या दमट हवेत त्याच्यावर दव धरतं, आतसुद्धा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं, यंत्राला ऊब येईपर्यंत तसंच ठेवायचं, मगच बटण दाबायचं. वजनकाटा असो की थर्मामीटर. आणि स्वतःचा फोनबिन बाहेर लॉकरमध्ये. हा नियम मीच भिंतीवर लावला आहे.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. शिवाय दादा-वहिनी लग्नानंतर मनालीला गेले होते तेव्हा हाच प्लेअर बर्फात बंद पडला होता. दादानं शर्टाच्या आत पोटाशी धरून गरम केला तेव्हा चालू झाला. हा किस्सा वहिनीनं आम्हाला हसत हसत सांगितला होता. थंडीत डिस्कमधलं वंगण घट्ट होतं, तबकडी फिरायला मागत नाही, हे मी तिच्याकडूनच ऐकलं.

मे महिन्यात एक दिवस मी तो प्लेअर तिच्या कपाटातून न विचारता घेतला. का? ऐकायचं होतं. आई तिला काय काय सांगते ते ऐकायचं होतं आणि विचारून घेण्यात कमीपणा वाटत होता. डबा खाताना कानात लावला. आई गात होती – काय गात होती हो! माझं जेवण तसंच राहिलं. मग एका गाण्याच्या शेवटी ती गायची थांबली आणि माइक चालू आहे हे विसरून वहिनीला म्हणाली, "माझ्या लेकीला जमला नाय, पन तुला जमला."

बस्स. एवढंच. आई काय खोटं बोलली? पण माझं डोकं फिरलं.

जेवणाची वेळ संपली. लॉकर समोर होता, किल्ली हातात होती. मी जॅकेट चढवलं आणि प्लेअर वरच्या खिशात टाकून आत गेले. मोडायचा म्हणून नेला का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारतेय आणि दर वेळी आपल्या सोयीचं उत्तर देतेय. खरं उत्तर असं – त्याचं काही झालं असतं तरी त्या क्षणी मला चाललं असतं. खोके तपासत मी ऐकत राहिले. थोड्या वेळानं प्लेअरचा पडदा काळवंडला, गाणं मधेच तुटलं आणि आतून टक-टक असा आवाज यायला लागला. तरी मी बाहेर आले नाही. काम पुरं केलं.

बाहेर आल्यावर माझ्या चष्म्यावर दव धरलं तसं त्याच्यावरही धरलं. पिशव्यांचा गठ्ठा टेबलावर होता. पण मला आईचं ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं – खरंच असं म्हणाली का, की मला भास झाला? मी ओल्या बोटांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिले. आत खरखर झाली आणि सगळं थांबलं.

घरी येऊन मी तो पुसला आणि कपाटात होता तसा ठेवून दिला. साळसूदपणे.

आणि आता ऐका, कारण इथे मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तो अख्खा पावसाळा आई धडधाकट होती. वाडीत फिरत होती, गुणगुणत होती. सगळी गाणी भरून झाली म्हणून वहिनीनं प्लेअर जपून ठेवलाय, कॉम्प्युटर आला की गाणी त्यावर उतरवेन म्हणतेय, हे मी रोज ऐकत होते. मी एकदा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? थोडी चिडचिड. आई पुन्हा गायला बसली असती आणि सगळं नव्यानं रेकॉर्ड झालं असतं. इतकं सोपं होतं ते! मी बोलले नाही. दिवाळीत आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. कळायचं सगळं, बोलता काहीच यायचं नाही.

त्यानंतर चुलत भावाचं लग्न निघालं. हळदीला आईचीच गाणी लावू, ती ऐकेल तरी, असं वहिनीनं ठरवलं. आईला खुर्चीत बसवलं, मांडवात स्पीकर जोडला, बायका गोळा झाल्या. प्लेअर चालू होईना. दादा सगळ्यांदेखत वहिनीवर ओरडला. ती रडवेली होऊन म्हणाली, "थंडी पडलीय, मनालीसारखं झालं असेल का?" तेव्हा मी हसले. म्हणाले, "वसईत कसली आलीय थंडी? अगं, पावसाळाभर बंद कपाटात ठेवलास, दमटपणानं गेला तो. मी कोल्ड स्टोरेजमध्ये काम करते, मला कळतं यातलं."

विषय तिथेच संपला. मी सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? पुढे दुरुस्तीवाल्यानं तबकडीवर चरे पडलेत, काही निघणार नाही म्हणून सांगितलं, तेही वहिनीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. कशामुळे पडले हे तिनं विचारलंही नाही. तिला ते आधीच माहीत होतं – मी सांगितलं होतं.

आईनंही सगळं ऐकलं होतं. खुर्चीत बसून.

दुसऱ्या दिवशी वहिनी रोजच्यासारखी पेजेची वाटी घेऊन आईजवळ बसली. आईनं तोंड मिटून घेतलं. वहिनीनं चमचा पुढे केला, तर मान भिंतीकडे फिरवली. "आई, चुकलं माझं, थोडं तरी खा," वहिनी म्हणत राहिली. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ओठ उघडले नाहीत. ज्या बाईपाशी तिनं सगळं काही सोपवलं होतं तिच्या हातचं तिला एक चमचाही नको होतं. मी दारात उभी राहून बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं. आई ऐकत होती, तिला कळलं असतं, तिनं वहिनीकडे मान वळवली असती.

मी पुढे झाले आणि वहिनीच्या हातातली वाटी घेतली. आईनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं. ती जाईपर्यंत ती माझ्याच हातचं जेवली आणि मी तिला भरवत राहिले.